पाठीचे माप

माणसाला स्वतःची पाठ दिसत नाही ही विधात्याने केलेली मोठीच सोय आहे, असे मला पुष्कळ वर्षे वाटत आले. चेहऱ्याचे काय चालले आहे ते आरसा रोज सांगतो, केसांचे कंगवा सांगतो आणि दातांचे दिवाळीतला कडक लाडू सांगतो. पाठ मात्र बिचारी मागच्या मागे मुकाट्याने वाकत असते, आणि तिची खबर आपल्याखेरीज साऱ्या जगाला असते. रस्त्याने आपल्या मागून येणारा प्रत्येक माणूस ती वाचीत येतो. सांगत मात्र कोणी नाही. आपल्या लोकांच्या सभ्यतेला ते धरूनच आहे म्हणा!

मला सांगितले ते आमच्या शिंप्याने. सदाशिव पेठेतल्या एका बोळात त्याचे दुकान आहे आणि १९९१ सालापासून माझे ब्लाउज तोच शिवतो. त्याच्याजवळ एक लांबट, तेलकट पुठ्ठ्याची वही आहे. तीत पुण्यातल्या निम्म्या बायकांची रहस्ये आहेत आणि ती त्याने आजवर कोणाला सांगितलेली नाहीत. दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी मी कापड टाकायला गेले आणि म्हटले, "माप जुनंच घे. माझ्यात काही फरक नाही."

"पाठ पुन्हा घ्यावी लागेल, मावशी," तो म्हणाला.

"का? मी काही जाड झाले नाही."

"जाडीचं नाही हो. मी दर तीन-चार वर्षांनी तुमची मागची उंची पाव इंच वाढवतो आणि पुढची पाव इंच कमी करतो. नाहीतर ब्लाउज मागून वर चढेल." आणि शंका नको म्हणून त्याने वही उघडून माझ्यापुढे धरली.

एका रकान्यात आकडे चढत गेले होते, दुसऱ्यात उतरत गेले होते. तीस वर्षे मी शाळेत भूगोल शिकवला. वलीपर्वत कसे तयार होतात ते फळ्यावर खडूने काढून दाखवताना मी मुलींना दर वर्षी सांगे, की ही उंची एका दिवसात येत नाही. कोणाच्या लक्षातही न येता ती तसूतसूने चढते. आता माझाच एक पर्वत त्या वहीत नोंदलेला होता. एकूण सव्वा इंच.

घरी येताना मला आईची आठवण झाली. आई शेवटची सहा वर्षे अगदी दुमडल्यासारखी झाली होती. मान वर करणे तिला जमत नसे, तेव्हा आलागेला ती पायांवरून ओळखी. "टाचेला भेगा, म्हणजे धाकटी आली वाटतं," असे ती आधी म्हणे आणि मग हात पुढे करी. माझ्या लेकीच्या लग्नात तिला मांडवात मुद्दाम पुढच्या खुर्चीवर बसवले होते. रात्री मी विचारले, "कसा वाटला गं नातजावई?" तेव्हा ती म्हणाली, "बूट स्वच्छ होते हो. माणूस नीटनेटका असणार." तो खरोखरच नीटनेटका निघाला, पण त्याचा चेहरा तिने नीट पाहिलाच नाही. पुढे २०११ साली न्हाणीच्या उंबऱ्याला अडखळून ती पडली, खुब्याचे हाड मोडले आणि त्यातून ती उठली नाही.

डॉक्टरांकडे गेले. त्यांनी पाठीचा फोटो काढला, हाडांची घनता मोजण्याची तपासणी करून घेतली आणि सांगितले की मणके शाबूत आहेत. आईचे मणके ठिसूळ होऊन पुढच्या बाजूने पिचले होते. तसला बाक व्यायामाने जात नाही. माझा बाक स्नायूंचा आणि सवयीचा. सवयीचा बाक थोडेफार ऐकतो म्हणे. पण त्याच्याशी रोज बोलावे लागते.

मी विचार करू लागले की ही सवय लागली कधी? मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की घरातल्या मोठ्या बायका तिला दोन वाक्ये ऐकवीत. एक, "पोक काढून बसू नकोस." आणि दुसरे, त्याच दिवशी, त्याच तोंडाने, "अशी छाती काढून चालू नकोस." या दोन आज्ञांच्या मधोमध शरीर कुठे उभे करायचे हे कोणी दाखवीत नसे. मुलगी आपली सोपी वाट धरी: खांदे पुढे, मान खाली, दप्तर पोटाशी. भाषाही तिच्या बाजूची नाही. 'ताठ' हा शब्द आहे तोवर ठीक. त्याला एक काना जास्त लागला की 'ताठा' होतो आणि बायकांच्या बाबतीत तो काना लोक फार चटकन देतात. पुरुषाने मोडेन पण वाकणार नाही म्हटले तर त्याची वाहवा होते. बाईने म्हटले तर मोडायची जबाबदारी तिच्या आईवर येते.

त्यातून मी उंच. १९८० साली लग्न ठरले तेव्हा मी पाच फूट साडेपाच इंच आणि आमचे हे पाच फूट चार. बघण्याच्या कार्यक्रमाला आत्याने मला स्वयंपाकघराच्या दाराशी थांबवले आणि कानात सांगितले, "जरा सैल उभी राहा गं." सैल उभे राहणे म्हणजे काय ते मुलींना समजावून सांगावे लागत नाही. लग्नानंतर जोडीचा फोटो काढायला गेलो तर फोटोग्राफरने ह्यांच्या पायाखाली सरळ पाट दिला आणि माझ्या शालूचा घोळ त्यावर पसरला. त्या फोटोत ह्यांच्या चेहऱ्यावर जो गंभीर भाव आहे तो संसाराच्या जबाबदारीचा आहे असे पाहुणे समजतात. तो पाटावरून पडण्याच्या भीतीचा आहे. ह्यांनी मला कधी एका शब्दाने वाक म्हटले नाही, हे इथेच सांगून ठेवते. म्हणायची वेळच आली नाही. मी आधीच वाकलेली होते.

मग केरसुणी आली. आपली केरसुणी वीतभर मुठीची का असते, याचा शोध कोणी लावला आहे का? दांडा हातभर लांब केला असता तर कोणाचे काय बिघडले असते? ओटे येण्यापूर्वी चूल जमिनीवर, पाटा-वरवंटा जमिनीवर, विळी जमिनीवर, धुण्याचा दगड जमिनीवर. बसून करायच्या कामात निदान मांड्या आणि गुडघे चालत; पण केर काढायचा तो कमरेत वाकून, फरशी पुसायची ती कमरेत वाकून. आणि माझ्या वाट्याला वह्या होत्या. एका वर्गाच्या साठ, असे चार वर्ग. नकाशात मुलींनी नर्मदा नदी अरबी समुद्राऐवजी बंगालच्या उपसागराला नेऊन सोडलेली असे. ती परत वळवून आणायला मान खाली घालावीच लागे.

हे सगळे मनात घेऊन गेल्या वर्षी आम्ही दोघे लेकीकडे लंडनला गेलो, सहा महिन्यांसाठी. तिच्या शेजारच्या घरात एक शहात्तर वर्षांच्या बाई राहतात. मूळच्या वेस्ट इंडीजच्या. तरुणपणी परिचारिका म्हणून आल्या त्या तिथेच राहिल्या. दोन्ही हातांत बाजाराच्या पिशव्या घेऊन त्या रस्त्याने येत तेव्हा डोक्यावर भरली घागर असावी तशा येत. मी एक दिवस कुंपणावरून धीर करून विचारले, की आपण काय करता? त्या म्हणाल्या, "बॅले करते. गुरुवारी. तुम्ही या ना."

मी हसले. बॅले म्हणजे पांढऱ्या पिसांचे झगे घालून अंगठ्याच्या टोकावर गिरक्या घेणाऱ्या सडपातळ पोरी, एवढेच माझे ज्ञान. पण लेकीने सांगितले की तिथे हे नवल राहिलेले नाही. लंडनची रॉयल अकॅडमी ऑफ डान्स ही १९२० साली स्थापन झालेली संस्था. तिने २०१७ मध्ये पंचावन्नच्या पुढच्या माणसांसाठी 'सिल्व्हर स्वॉन्स', म्हणजे रुपेरी हंस, या नावाने वर्ग सुरू केले. आयुष्यात कधी नाचलेले असण्याची अट नाही. सध्याच्या राणी कॅमिला यांनीही ते वर्ग केले आहेत. राणीला चालते तर भूगोलाच्या निवृत्त शिक्षिकेला न चालायला काय झाले?

आमचा वर्ग तसल्याच धर्तीचा, एका चर्चच्या दिवाणखान्यात भरणारा. चौदा जण. त्यांत दोन पुरुष. एक बस चालवून निवृत्त झालेला. शिकवणाऱ्या बाई स्वतः सत्तरीच्या घरातल्या, एके काळच्या नर्तकी. आल्या आल्या त्यांनी एक चिठ्ठी भरून घेतली: कोणाचा खुबा बदललेला, कोणाला चक्कर येते, कोणाची हाडे ठिसूळ. वेषाचा प्रश्न होता. साडी नेसून गेले तर पाऊल दिसत नाही, आणि बाईंना आधी पाऊल पाहायचे असते. शेवटी सलवार-कुडता आणि मऊ तळव्याचे सपाट जोडे, यावर तडजोड झाली. नऊवारी नेसणाऱ्या माझ्या आजीला कसलीच तडजोड करावी लागली नसती, असे मला तेव्हा वाटून गेले. त्या कासोट्याएवढा बॅलेला सोयीचा पोशाख दुसरा नसेल!

हात टेकायला जो आडवा दांडा असतो त्याला 'बार' म्हणतात. घरोघरी खुर्चीची पाठ चालते. आमच्याकडेही निम्म्या जणांना खुर्च्याच होत्या. मी पुण्याला बहिणीला फोनवर म्हटले, "सध्या मी आठवड्यातून एकदा बारवर असते." पलीकडे बराच वेळ शांतता होती. मग ती म्हणाली, "जावईबापूंना माहीत आहे का?"

पहिल्या दिवशी मला नवल वाटले ते याचे, की बाई 'ताठ उभ्या राहा' असे एकदाही म्हणाल्या नाहीत. तसे म्हटले की माणूस छाती फुगवतो, कंबर आत घेतो आणि श्वास कोंडून कवायतीतल्या शिपायासारखा उभा राहतो. पाच मिनिटांत दमून पुन्हा ढासळतो. त्यांनी सांगितले की टाळूच्या मध्यावर एक दोरा बांधला आहे आणि तो छताकडे हलकेच ओढला जातो आहे असे समजा. मला तत्काळ पटले. पूर्वी पाठशाळेतले विद्यार्थी रात्री डुलकी येऊ नये म्हणून शेंडी खुंटीला बांधून पाठांतर करीत, असे लहानपणी ऐकले होते. पाठांतराचे मला ठाऊक नाही, पण त्यांच्या पाठी सरळ राहिल्या असणार. डोक्याचे वजन साडेचार-पाच किलो असते. ते मणक्यांच्या माळेवर बरोबर तोलले तर मानेला कळतही नाही. तेच दोन बोटे पुढे आले की मानेच्या स्नायूंना ते दिवसभर मागे ओढून धरावे लागते. भरलेली कळशी कमरेवर घ्यावी आणि तीच हात लांब करून धरावी, असा तो फरक.

मग 'प्लिए'. फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ वाकलेले, दुमडलेले. टाचा जुळवायच्या, पावले किंचित बाहेर वळवायची आणि गुडघे हळूहळू वाकवून पुन्हा वर यायचे. पावले वळवायची ती खुब्यातून; गुडघा पिळून नव्हे. खऱ्या नर्तकीची पावले जवळजवळ एका रेषेत येतात. आम्हाला घड्याळातले अकरा आणि एक, एवढेच. गुडघा पायाच्या बोटांच्या दिशेनेच गेला पाहिजे. पण मुख्य गोष्ट निराळी. या वाकण्यात पाठ वाकत नाही! गुडघे वाकतात, घोटे वाकतात, खुबे उघडतात. पाठीचा कणा मात्र विहिरीत सोडलेल्या पोहऱ्याच्या दोरासारखा सरळ खाली जातो आणि सरळ वर येतो. सदुसष्ट वर्षांत मी हजारो वेळा वाकले असेन. पाठ न वाकवता वाकायला मला कोणी शिकवले नव्हते. भरतनाट्यमच्या मुलींना ही अर्धी बैठक ठाऊक असते, अरमंडी म्हणून. पण आमच्या वेळी नाचाच्या क्लासला जाणाऱ्या मुली आमच्या आळीत नव्हत्या.

'तांद्यू' तर मला आधीच येत होते. एक पाऊल जमिनीला घासत पुढे न्यायचे, टाच उचलायची, बोटे टेकलेली ठेवायची आणि तसेच घासत परत आणायचे. आपल्या जुन्या कादंबऱ्यांतली नायिका लाजली म्हणजे दुसरे काय करी? पायाच्या अंगठ्याने जमीन उकरी. तेच पाऊल, तोच अंगठा. फरक एवढाच की तांद्यू करताना नजर समोर ठेवायची असते. हा फरक लहान नाही. माझे पाऊल पहिल्या दिवसापासून सुरेख जाई, आणि पावलापाठोपाठ डोळे खाली जात. बाई जवळ येत आणि माझ्या हनुवटीखाली नुसते एक बोट धरीत. बोलत काही नसत. तीन आठवडे त्या बोट धरीत होत्या.

'रलव्हे' म्हणजे चवड्यांवर उचलणे. वरच्या फळीवरचा चकलीचा डबा काढणारी प्रत्येक गृहिणी ते दर दिवाळीत करते. इथे डबा नाही आणि घाई नाही, म्हणून ते फार अवघड जाते. वर जाणे सोपे. सावकाश खाली येणे हीच पोटऱ्यांची परीक्षा. हात हलवण्याच्या प्रकाराला 'पोर द ब्रा' म्हणतात. हे नाव मी घरी उच्चारले तेव्हा माझ्या चौदा वर्षांच्या नातीची हसून पुरेवाट झाली. फ्रेंचमध्ये त्या शेवटच्या शब्दाचा अर्थ नुसता 'हात' आहे हे तिला पटवता पटवता मी थकले. भरली परात पोटापुढे धरावी तसे हात गोल करायचे, ते तसेच वर न्यायचे आणि बाजूंनी उघडायचे. कोपर पडू द्यायचे नाहीत. या उघडण्यात खांदे मागे जातात, गळ्याखालची दोन हाडे रुंद होतात. बारा वर्षांची असताना जे झाकायला शिकले होते ते सदुसष्टाव्या वर्षी चर्चच्या खिडकीतून येणाऱ्या उन्हात उघडून उभे राहायचे होते. दुखत काही नव्हते. तरी पहिल्या दोन-तीन वेळा माझ्या डोळ्यांत पाणी आले. शेजारच्या परिचारिका बाईंनी पाहिले आणि न पाहिल्यासारखे केले.

वर्ग संपल्यावर चहा असे, आणि चहाबरोबर बाईंच्या गोष्टी. बॅलेतले हे उभे राहणे मुळात राजदरबारातले आहे असे त्या सांगत. फ्रान्सचा चौदावा लुई स्वतः नाचे. १६५३ साली, वयाच्या चौदाव्या वर्षी, तो दरबारी बॅलेत सूर्य होऊन नाचला आणि पुढे जन्मभर सूर्यराजा म्हणवला गेला. १६६१ मध्ये त्याने नृत्याची अकादमी काढली आणि बोशां नावाच्या त्याच्या नृत्यगुरूने पावलांच्या त्या पाच जागा ठरवून दिल्या, ज्यांतली पहिली मी खुर्चीला धरून शिकत होते. मी बाईंना म्हटले, "आमच्याकडे सातारच्या बाजूला औंध संस्थान होतं. तिथल्या राजानं सूर्याला नमस्कार घालायला साऱ्या प्रजेला शिकवलं." त्यांना खोटे वाटले. पण औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी यांचे सूर्यनमस्कारांवरचे इंग्रजी पुस्तक, 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ', १९३८ साली प्रसिद्ध झाले ते लंडनमध्येच! एक राजा सूर्य होऊन नाचला, दुसऱ्याने सूर्याला नमस्कार घातले; दोघांच्याही व्यायामशाळेत पाठीला मान होता.

न नाचणाऱ्यांनी बॅलेचा व्यायाम करण्याची कल्पना मात्र राजाची नाही. ती एका निर्वासित बाईची. लोटी बर्क ही जर्मनीतल्या कोलोन शहरातली ज्यू नर्तकी. नाझींच्या धास्तीने ती देश सोडून इंग्लंडला आली. पुढे पाठ दुखावली, तेव्हा उपचाराचे व्यायाम आणि नर्तकीचा दांडा यांची तिने सांगड घातली आणि १९५९ साली लंडनच्या मँचेस्टर स्ट्रीटवर एका तळघरात बायकांना शिकवायला सुरुवात केली. तिचे वय तेव्हा सेहेचाळीस. तिथे नट्या येत, श्रीमंतांच्या बायका येत आणि तिने व्यायामांना ठेवलेली नावे इतकी चावट होती की ती दिवाळी अंकात छापण्याजोगी नाहीत. तिची एक शिष्या लिडिया बाख हिने १९७१ मध्ये ती पद्धत न्यूयॉर्कला नेली आणि आज जगभर तरुण मुली 'बार' या नावाने जे करतात ते त्याच तळघरातून आलेले आहे. नातीने मला तसला एक वर्ग पडद्यावर लावून दिला. गुडघे वाकवून अर्ध्यावर थांबायचे आणि तिथल्या तिथे बोटभर वरखाली व्हायचे, मांड्या थरथरेपर्यंत. दहा मिनिटांत माझ्या मांड्या थरथरल्या, नातीच्याही थरथरल्या. प्रकार चांगला आहे. पण त्यात सगळी घाई आहे, आणि मला आता घाईचे काही मानवत नाही.

गंमत म्हणजे मला सर्वांत कठीण गेले ते नुसते एका पायावर उभे राहणे. २०२२ साली ब्राझीलमधला एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. ५१ ते ७५ वयाच्या १,७०२ माणसांना एका पायावर दहा सेकंद उभे राहायला सांगितले, तर पाचांतल्या एकाला जमले नाही. पहिल्या दिवशी दांड्यावरचा हात सोडून मी तीन आकड्यांपर्यंत टिकले. निघताना उजव्या पायावर चौदा आणि डाव्यावर नऊ. डावा पाय पहिल्यापासून माहेरच्या वळणाचा. उंबऱ्याला आधी तोच अडखळतो. पण मोजे बसून घालायचे मी सोडून दिले, आणि बसची पायरी चढताना दांडीला लोंबकळणेही सुटले. उंची वाढली का, असे सगळे विचारतात. उंची वाढत नाही. वाकण्यात जी झाकली गेलेली असते तिच्यातली थोडी परत हाती येते, इतकेच.

ती ह्यांच्या लक्षात आली फेब्रुवारीत. आम्ही बसथांब्यावर शेजारी शेजारी उभे होतो. ह्यांनी काहीतरी सांगायला माझ्याकडे पाहिले आणि त्यांना नजर किंचित वर न्यावी लागली.

"तू उंच झालीस का गं?"

"नाही. होते तेवढीच आहे."

त्यावर बराच वेळ ते काही बोलले नाहीत. बस आली, आम्ही चढलो, बसलो. दोन थांबे गेल्यावर खिडकीबाहेर पाहत म्हणाले, "पुण्याला गेल्यावर तो पाट शोधला पाहिजे."

पुण्याला आल्यावर प्रतिक्रिया अपेक्षेप्रमाणे झाल्या. "आपल्याकडे सूर्यनमस्कार नाहीत का?" असे तीन जणींनी विचारले, पैकी एकही जण ते घालीत नाही. आहेत, आणि ज्यांना झेपतात त्यांनी जरूर घालावेत. माझ्या लहानपणी अंगणात माझे भाऊ ते घालीत आणि त्यांच्या सतरंज्या झटकून ठेवण्याचे काम माझे असे. आता मनगटे भार घेत नाहीत. आणि ज्यांची हाडे ठिसूळ झाली आहेत त्यांनी कमरेत पार खाली वाकू नये, असे मला डॉक्टरांनी बजावले आहे. मंगळागौरीची गोष्ट निराळी. फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा: आपल्या बायकांच्या अंगाला लवचिक ठेवणारी ती केवढी मोठी व्यायामशाळा होती! पण ती श्रावणातल्या मंगळवारी रात्री उघडायची आणि पहाटे बंद व्हायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा वीतभर मुठीची केरसुणी.

आमची इमारत जुनी, दुसऱ्या मजल्यावर रस्त्याच्या बाजूला सामाईक गॅलरी आहे आणि तिला कमरेच्या उंचीचा लोखंडी कठडा आहे. सोमवारी आणि गुरुवारी सकाळी साडेसहाला आम्ही सात जणी तो धरून उभ्या राहतो. मी शिकवीत नाही. शिकवण्याइतके मला येत नाही. धोक्याचे नसलेले चार प्रकार तेवढे आम्ही करतो, आणि प्रत्येकीने आपापल्या डॉक्टरांना विचारून यायचे असा नियम आहे. फ्रेंच नावांवरून पहिल्या आठवड्यात वाद झाला, तेव्हा ती काढून टाकली. प्लिएला आता 'पोहरा' म्हणतात, रलव्हेला 'डबा' म्हणतात. तांद्यूचे नाव 'लाजणे' असे ठेवले आहे आणि नजर खाली गेली की सगळ्या ओरडतात.

तळमजल्यावरच्या काकू आमच्यात सर्वांत वडील; चौऱ्याहत्तर वर्षांच्या. चार वर्षांपूर्वी त्या मंडईत घसरून पडल्या. मोडले काही नाही, पण तेव्हापासून काठी आली आणि नजर रस्त्याला चिकटली. पुढचे पाऊल कुठे पडणार ते पाहिल्याशिवाय मागचे उचलायचे नाही, असे त्यांचे चालले होते. मुलगा त्यांना जिन्यावरून हात धरून वर आणी. पहिले दोन आठवडे कठडा त्यांनी असा आवळून धरला, की बोटे पांढरी पडत. तिसऱ्या आठवड्यात बोटे सैल झाली. त्या गुरुवारी आम्ही 'लाजणे' करीत होतो आणि कोणाला ओरडावे लागण्यापूर्वीच काकूंनी मान वर केली. त्या समोर रस्त्यापलीकडे पाहत राहिल्या. पाऊल पुढे टेकलेले, ते मागे घ्यायचे विसरून गेल्या.

"समोरचा कडुलिंब कधी तोडला?" त्यांनी विचारले.

आम्ही एकमेकींकडे पाहिले. मी म्हटले, "तीन वर्षं झाली, काकू."